आधी चासी, मग रंग

जूनमध्ये पाऊस लागला की कुंभारवाड्यात दाराची कडीसुद्धा गंजायला लागते. जोयड्याहून अणशी घाटाकडे जाताना लागणारं हे गाव सह्याद्रीच्या ऐन पावसाच्या पट्ट्यात, काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानात आहे. अशा हवेत पन्नास वर्षांपूर्वीची फोर बाय फोर गाडी ताडपत्री टाकून अंगणात उभी केली, की ती सुरक्षित आहे अशी मालकाची समजूत असते. ताडपत्रीने वरचं पाणी अडतं. पण ओल्या जमिनीतून उठणारी वाफ आतच कोंडते आणि लोखंड खालून खात जाते. बाहेरून रंग शाबूत, आतून पापुद्रे. म्हणून अशी गाडी घरच्या घरी पुन्हा उभी करायची झाली, तर इंजिन सुरू होतं का, हा पहिला प्रश्न नाही. चासी उरली आहे का, हा आहे.

या भागात अशा गाड्या हौसेपोटी आल्या नाहीत. लाकडाचे डेपो, खाणी, मग काळी नदीवरचे धरणप्रकल्प अशी जंगलातली कामं होती आणि रस्ते मातीचे होते. सुपा धरण 1987 मध्ये पूर्ण झालं, जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचा कारभार जोयड्याला आला. सरकारी खात्यांची आणि ठेकेदारांची जीप हे त्या काळातलं रोजचं दृश्य. शेजारच्या अनमोड घाटाने तर लष्कराचा ताफाच पाहिला आहे: डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्तीसाठी निघालेल्या 17 व्या डिव्हिजनची 63 वी ब्रिगेड याच बाजूने गोव्यात उतरली. बेळगाव ही पिढ्यान्‌पिढ्या छावणीची जागा. त्यामुळे बेळगाव, खानापूर, चंदगडकडे लष्कराच्या गाड्यांखाली उभं आयुष्य काढून घरी आलेले मेकॅनिक भेटतात, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत असा माणूस ओळखीचा असणं पुस्तकापेक्षा कामाचं.

गाडी कोणती, यावर पुढचं सगळं ठरतं. सर्वांत जास्त सापडते ती महिंद्राची सीजे-3बी, म्हणजे उंच बॉनेटची जीप. 1945 मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने पोलादाच्या व्यापारासाठी निघालेल्या या कंपनीचे एक भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. 1948 मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. त्याच सुमारास अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग बोटीने आणून मुंबईत माझगावला जोडणी सुरू झाली. सीजे-3बीचं बॉनेट उंच का, याचं उत्तर खालच्या इंजिनात आहे. 2,199 सीसीच्या या ‘हरिकेन’ इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये असतात. आधीचं इंजिन सगळे व्हॉल्व्ह बाजूला असणारं, म्हणून बुटकं. त्याच मापाच्या गाडीत हे उंच इंजिन बसवायचं तर बॉनेट वर उचलण्यावाचून इलाज नव्हता.

ट्रकच हवा असेल तर महिंद्राची एफसी मालिका. ड्रायव्हर इंजिनच्या मागे न बसता जवळपास त्याच्या डोक्यावर बसतो, त्यामुळे जीपएवढ्या लांबीत मागे भलामोठा हौदा मिळतो. अमेरिकेत विलीजचा हा ट्रक 1965 पर्यंत बनत होता, आणि तिथं तो बंद झाल्यावर महिंद्राने भारतात पुढे बरीच वर्षं चालवला. त्याचा दोषही त्याच्या रूपातच आहे. सगळं वजन पुढे, आणि मागचा हौदा रिकामा. उतारावर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं हलकी होतात.

तिसरं घराणं लष्करी. जबलपूरला निसानच्या परवान्याने बनलेला एक टनी ट्रक, ज्याला सगळे ‘वन टन’ म्हणतात, आणि त्याची धाकटी बहीण जोंगा. जोंगा हे नाव कोण्या डोंगराचं किंवा प्राण्याचं वाटतं. प्रत्यक्षात ती जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली या नावाची आद्याक्षरं. दोन्हींत 3,956 सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. आवाज गोड, तहान अफाट. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने बनलेला शक्तिमानही याच शहरातला. पण तो अंगणात ठेवण्याचा विचार करणाऱ्याने आधी अंगण मोजावं.

लष्करातून निघालेली गाडी लिलावात मिळते, आणि इथंच पुष्कळ लोक फसतात. लिलावाचा कागद, लष्कराने गाडी सोडल्याचा दाखला आणि चासी क्रमांक या तिन्हींचा मेळ बसला नाही तर ती गाडी नव्हे, भंगार आहे. घासाघीस करण्याआधी तारेच्या ब्रशने चासीवरचा क्रमांक मोकळा करून कागदाशी अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहावं. क्रमांकाची जागा गंजून गेली असेल, किंवा त्या जागी वेल्डिंग दिसत असेल, तर गाडी कितीही देखणी असो, परत फिरावं. गाडी गोव्याची किंवा महाराष्ट्राची असेल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र आणून दांडेलीच्या कार्यालयात, म्हणजे केए-65 मध्ये, नव्याने नोंद करावी लागते. कामाचा सर्वांत कंटाळवाणा भाग हाच, आणि तो पहिल्यांदा उरकायचा.

मग चासी. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडांवर चढवून तिचा सांगाडा हातोडीने ठोकत जायचं. धड लोखंड ‘टण्’ असा आवाज देतं, सडलेलं ‘थप्प’. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, म्हणून जिथे दोन पत्रे एकावर एक रिव्हेट केलेले असतात तिथे तो आतून पत्रा फुगवतो. जीपमध्ये हे मागच्या आडव्या पट्टीत, पाट्यांच्या म्हणजे स्प्रिंगच्या कानांजवळ आणि बॉडी जिथे चासीवर टेकते त्या जागी हमखास दिसतं. आणखी एक छुपी जागा आहे. मूळ विलीज जीपच्या तळाला मजबुती देण्यासाठी पत्र्याच्या उलट्या पन्हळी होत्या आणि त्यांत लाकडाच्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या. त्या लाकडाने वर्षानुवर्षं पाणी धरून ठेवलं, आणि तळ आतून गेला. असा तळ दुरुस्त करताना लाकूड परत घालू नये, एवढा अस्सलपणा कोणी मागत नाही.

चासी सरळ आहे की वाकडी, हे पाहायला मोठं यंत्र लागत नाही. गवंड्याचा ओळंबा, खडू आणि मोजपट्टी पुरते. सिमेंटच्या सपाट जमिनीवर गाडी समतल उभी करायची. डावीउजवीकडच्या सारख्याच जागांवरून, उदाहरणार्थ चारही पाट्यांच्या पुढच्या बोल्टांच्या मध्यातून, ओळंबा सोडून खाली खडूने खुणा करायच्या. मग गाडी ढकलून बाजूला करायची आणि जमिनीवरच्या खुणांमधले कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे निघाले तर चौकट काटकोनात आहे. फरक दोन-तीन मिलिमीटरचा असेल तर मोजण्यातली चूक म्हणून सोडून द्यावा. बोटभर निघाला तर गाडी कधीतरी कशावर तरी आदळलेली आहे, आणि ती ओढून सरळ करणं हे घरचं काम नाही. बेळगावला उद्यमबागेत किंवा कोल्हापूरला उद्यमनगरात जावं.

चिरलेल्या चासीला ठिगळ लावण्याचीही एक रीत आहे. चौकोनी पट्टी ठेवून चारी बाजूंनी वेल्डिंग मारलं, की उभ्या वेल्डिंगच्या रेषेत सगळा ताण एकवटतो आणि नवी चीर तिथूनच निघते. म्हणून पट्टी शंकरपाळ्याच्या आकाराची कापतात, म्हणजे वेल्डिंग तिरपं जातं आणि ताण वाटला जातो. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवायची, डिझेल-पेट्रोलची टाकी उतरवायची. टाकी रिकामी आहे म्हणून ती निर्धोक नसते. भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी जास्त घातक.

सुट्या भागांचा गंज काढण्यासाठी घरगुती उपाय उत्तम चालतो. प्लास्टिकच्या पिंपात पाणी, त्यात धुण्याचा सोडा. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या वजा टोकाला, भंगारातली सळई अधिक टोकाला. दोन्ही पाण्यात, पण एकमेकांना न टेकता. रात्रभरात गंज सैल होऊन काळ्या गाळासारखा सुटतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. ॲसिडमध्ये भाग बुडवला तर गंजाबरोबर लोखंडही जातं, हा यातला फरक. दोन पथ्यं मात्र पाळायची. यातून हायड्रोजन निघतो, म्हणून पिंप उघड्यावर ठेवायचं. आणि सळईऐवजी स्टेनलेस स्टील वापरायचं नाही, कारण त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. भाग बाहेर काढल्यावर तो तासाभरात पुन्हा लाल होऊ लागतो. कुंभारवाड्याच्या हवेत तर त्याहून लवकर. त्यामुळे प्रायमरचा डबा आधी उघडून ठेवायचा आणि पिंपात हात नंतर घालायचा.

गाडी सोडवताना नवख्या माणसाची पहिली गाठ पडते ती चाकाशी. विलीज घराण्याच्या जुन्या जीपांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट आट्यांचे आहेत. चाक फिरताना नट सैल होऊ नये म्हणून ही योजना. ज्याला हे माहीत नाही तो पान्याला पाइप लावून नेहमीच्या दिशेने जोर लावतो, नट आणखी आवळला जातो आणि शेवटी स्टड तुटून हातात येतो. बोल्टच्या डोक्यावर इंग्रजी एल आहे का पाहावं. पाने इंची लागतात. मिलिमीटरचा पाना ‘बसतो’ असं वाटतं आणि नटाचे कोपरे गोल करून टाकतो. सुटलेला प्रत्येक भाग पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी आणि सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो. घरी सोडवलेल्या गाड्या परत जोडल्या जात नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा पैसा नसतो. कुठल्या पिशवीत काय होतं हे विसरलेलं असतं.

इंजिनाचं काम अर्धं घरी आणि अर्धं लेथवर. घरी उघडायचं, धुवायचं, मापं घ्यायची. बोअर मारणं, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट कापणं हे मशिनवरच. बेळगावच्या उद्योगाने भारतभरच्या कारखान्यांना ओतीव भाग पुरवलेले आहेत, तेव्हा कौशल्याची वानवा नाही. सुट्या भागांचीही नाही, कारण सीजे-3बीचं रक्त महिंद्राच्या पुढच्या कित्येक मॉडेलांत वाहत राहिलं. पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा दिल्लीचं काश्मिरी गेट, कुठे ना कुठे भाग निघतो. युरोपातला एखादा हौशी माणूस ज्या भागासाठी वर्षभर पत्रव्यवहार करेल, तो इथं काउंटरवर वर्तमानपत्रात गुंडाळून मिळतो. नकली भागही तितक्याच सहज मिळतो, ही दुसरी बाजू.

जुन्या पेट्रोल इंजिनापुढे आता एक नवा प्रश्न आहे. देशभर पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत, दमट हवेत, हे पाणी टाकीच्या तळाशी साचतं आणि टाकी आतून गंजते. जुन्या रबरी नळ्या आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा त्याने फुगतो, चिरतो. कार्बोरेटर जुन्या पेट्रोलच्या हिशेबाने जुळवलेला, त्यामुळे मिश्रणात इंधन कमी पडून इंजिन तापतं. उपाय अवघड नाहीत: नळ्या आणि पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घालायचे, गरज पडली तर जेट एक माप मोठा आणि गाडी पावसाळ्यात उभी ठेवायची असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करायचे. अस्सलपणाच्या नावाखाली जुनी नळी ठेवणं म्हणजे गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकवणं.

कित्येक गाड्यांत मूळ इंजिन उरलेलंच नसतं. पेट्रोल महागल्यावर जीपांमध्ये डिझेल इंजिनं बसली. महिंद्राने 1979 मध्ये फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी 4.90 या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. हे 2,112 सीसीचं इंजिन पुढे कंपनीच्याच गाड्यांत आलं आणि तिथून जुन्या जीपांतही शिरलं. असं इंजिन आरसी बुकात नोंदलेलं असेल तर ते तसंच राहू द्यावं. तोही त्या गाडीचा इतिहासच आहे. मूळ पेट्रोल इंजिन शोधून बसवण्याचा अट्टहास प्रदर्शनासाठी ठीक, घाटासाठी नाही.

फोर बाय फोर म्हणजे नेमकं काय, हे गिअरच्या गुणाकारातून कळतं. मूळ सीजे-3बीमध्ये पहिला गिअर 2.798, ट्रान्सफर केसचा लो 2.46 आणि हौसिंगमधला क्राउन-पिनियन 5.38. तिघांचा गुणाकार जवळपास 37. म्हणजे इंजिन 37 वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. इंजिनचे मिनिटाला 1,000 फेरे असतील तर गाडी ताशी साडेतीन किलोमीटरने सरकते, माणसाच्या चालीपेक्षा सावकाश, आणि चाकाला मिळणारा जोर त्याच पटीत वाढतो. चिखलाच्या उतारावर हाच गुणाकार उलटा कामाला येतो: ब्रेकला पाय न लावता इंजिनच गाडीला धरून ठेवतं. किंमत दुसऱ्या टोकाला चुकवावी लागते. टॉप गिअरला ताशी 60 किलोमीटरवर इंजिन मिनिटाला सुमारे 2,400 फेरे घेतं. त्यापुढे ते ओरडतं, आणि खरं तर ओरडलेलं बरं, कारण या गाडीचे मूळ ब्रेक त्यापुढच्या वेगासाठी नाहीत.

एक गैरसमज फार पसरलेला आहे. फोर बाय फोर टाकल्यावर गाडी डांबरी रस्त्यावरही जास्त पक्की चालते, असं लोक मानतात. या जुन्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये मधलं डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळात, मागची लहान वर्तुळात फिरतात; पण गिअर दोघांना एकाच गतीने फिरायला लावतो. मातीवर चाक किंचित घसरून हा फरक भरून काढतं. अणशी घाटाच्या कोरड्या डांबरावर ते घसरू शकत नाही, तेव्हा सगळा पीळ शाफ्ट, क्रॉस आणि गिअरांच्या दातांवर येतो. लिव्हर अडकून बसणं हे त्याचं पहिलं लक्षण. फोर बाय फोर चिखलात, वाळूत, ओल्या गवतावर. डांबरावर टू व्हील ड्राइव्ह.

पुढच्या ॲक्सलचं एक काम घरी करण्यासारखं आहे. ॲक्सलची दोन्ही टोकं पोलादी गोळ्यात बंद असतात, आतला जॉइंट ग्रीसमध्ये बुडालेला, आणि गोळ्याला बाहेरून नमद्याची गोल पट्टी घासून पुसत असते. ही पट्टी झिजली की ओढ्यातून जाताना पाणी आत शिरतं आणि ग्रीसचा दुधासारखा पांढरट काला होतो. तो काढून, धुऊन, नवा नमदा आणि नवं ग्रीस घालणं हे दोन दिवसांचं काम आहे, खर्च मामुली, आणि पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ते केलं तर ॲक्सल टिकतो. गिअरबॉक्सच्या तेलाबाबत मात्र ‘महागडं ते चांगलं’ हे खरं नाही. जीएल-5 प्रतीच्या काही तेलांतले रासायनिक घटक जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी कड्यांना खातात. डब्यावर जीएल-4 लिहिलेलं बघून घ्यावं.

आता बदलांकडे. कोणते करावेत याबद्दल या लेखाचं मत सरळ आहे: गाडी थांबवणारे बदल आधी, पळवणारे नंतर, मिरवणारे शेवटी, जमलं तर नकोतच.

जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकला एकच नळी पुरवठा करते. एका चाकापाशी नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन स्वतंत्र भागांचा मास्टर सिलिंडर बसवला की पुढची जोडी गेली तरी मागची राहते. तो बसवायला चासी कापावी लागत नाही, उद्या काढूनही ठेवता येतो, आणि घाटात राहणाऱ्याला याहून मोलाचा दुसरा बदल नाही. ड्रमच्या जागी डिस्क ही पुढची पायरी. ओढ्यातून बाहेर आल्यावर ड्रम काही वेळ पकडत नाही, डिस्क लवकर कोरडी होते. ब्रेक ऑइल स्वतः हवेतलं पाणी शोषतं, म्हणून पावसाच्या मुलखात ते दर दोन वर्षांनी बदलायचं, मग गाडी चालो न चालो. सहा व्होल्टची वायरिंग असेल तर ती बारा व्होल्टची करावी, फ्यूज घालून. मूळ गाड्यांत फ्यूजची चैन फारशी नव्हती. सीटबेल्ट चासीला किंवा तिच्याशी जोडलेल्या पट्टीला बांधावा, पातळ पत्र्याला नाही.

स्टिअरिंग ताशी चाळीसच्या पुढे थरथरू लागलं की गॅरेजवाला बहुधा एक डॅम्पर लावून देतो. थरथर थांबते, रोग राहतो. किंगपिनचे बेअरिंग सैल झालेले असतात, टाय रॉडचे टोक झिजलेले असतात. ते आधी दुरुस्त करावं, शिमच्या पातळ चकत्या घालून किंगपिन नीट आवळावेत आणि मग वाटलं तर डॅम्पर लावावा.

मोठे टायर हा सर्वांना हवासा वाटणारा बदल. मूळ टायर साडेअठ्ठावीस इंचांच्या आसपास उंच. त्या जागी 31 इंची बसवला की गिअरिंग सुमारे 9 टक्क्यांनी उंचावतं, चढावर इंजिन तेवढं कमी पडतं, स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतो आणि ब्रेकला मोठं चाक थांबवावं लागतं. शिवाय बॉडी उचलावी लागते, शाफ्टचे कोन बदलतात, क्रॉस लवकर जातात. एका टायरपायी अर्धी गाडी बदलावी लागते. छतावरच्या सर्चलाइटबद्दल तर व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत बोलायलाच नको. रात्री रानात झोत टाकत फिरणाऱ्याकडे वनखातं हौशी माणूस म्हणून पाहत नाही, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय गाडी घालणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

कायद्याची बाजू या हौसेला फारशी अनुकूल नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे, नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या डबवालीत जुन्या भागांतून जीपा जोडून देण्याचा मोठा धंदा आहे आणि तिथून आलेली चकचकीत गाडी स्वस्तही पडते. पण तिची चासी एकीकडची, कागद दुसरीकडचे असतील तर धोका विकत घेणाऱ्याच्या गळ्यात.

दुसऱ्या टोकाला, 2021 मध्ये केंद्राने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या विक्रीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. शुल्क 20,000 रुपये, नोंदणी 10 वर्षांची, नव्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. पण ही गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. कुंभारवाड्यातून जोयड्याच्या बाजाराला जायची गाडी हवी असेल तर हा शिक्का नकोच. साधी नोंदणी आणि 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारी तपासणी, हाच तिचा रस्ता.

जुनी गाडी नेमकी कशात असते, याचा हिशेब ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं गुणांनी मांडला गेला. फेरफार केलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवायचा तर आठ गुण लागत. चासीला पाच, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअर, स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला फक्त एक. आपल्याकडे इंजिनाची चर्चा सर्वांत जास्त होते, हे लक्षात घेतलं तर हा एक गुण बोलका आहे. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिव्हा 1966 पासून काम करते. तिच्या ट्युरिन सनदेचा आग्रहही असाच की बदल कमीत कमी असावा, ओळखू यावा आणि परत काढता यावा. भारतीय कायदा आणि ही सनद वेगवेगळ्या कारणांनी बोलतात, पण घरी काम करणाऱ्याला दोघांतून एकच सूचना मिळते: बोल्टने बसवा, कापू नका, आणि काढलेला भाग फेकू नका.

रंग सर्वांत शेवटी. लांबी भरून गुळगुळीत केलेली, चकाकणारी जीप फोटोत छान दिसते. पण लष्करी गाड्यांचा रंग मुळात मळकट, न चमकणारा होता. आतल्या पोकळ भागांत तेलमिश्रित मेण फवारणं हे बाहेरच्या रंगापेक्षा जास्त वर्षं देतं, आणि ते दर पावसाळ्याआधी पुन्हा करता येतं.

1976 मध्ये पहिल्यांदा विकली गेलेली सीजे-3बी 2026 मध्ये पन्नाशी गाठते. अशी गाडी कुणाच्या अंगणात, आजोबांच्या नावावर, ताडपत्रीखाली उभी असेल तर त्याने कटर हातात घेण्याआधी आरसी बुक काढून पहिल्या विक्रीची तारीख पाहावी, कागद स्वतःच्या नावावर करून घ्यावेत आणि ताडपत्री आजच काढून गाडी हवेशीर छपराखाली, विटांवर उचलून ठेवावी.